आमच्या घरातला दुसरा मिक्सर

‘मिक्सर साफ करत होते, म्हणून फोन घेतला नाही,’ असं मी सांगितलं की समोरची हमखास विचारते, ‘वाटण केलं होतंस का?’ आताशा मी खुलासा करणंच सोडून दिलंय. आमच्या घरात दोन मिक्सर आहेत. एक ओट्यावर, चारचौघींच्या घरात असतो तसा. दुसरा आतल्या खोलीत, टीपॉयएवढ्या पेटीत, सोळा माइक एका वेळी जोडता येतील असा. पहिल्याचं भांडं मी घासते आणि दुसऱ्याचे फेडर. ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये मिसळणाच्या डब्याशेजारी माझे तीन ब्रश, चष्मा पुसायच्या कापडाचे तुकडे आणि एक छोटा स्प्रे असतो. पाहुण्यांना वाटतं मी केकवर नक्षी काढते!

आम्ही उरणचे. गाव करळ फाट्यापासून फार लांब नाही. आमच्या ह्यांची साऊंड सर्व्हिस आहे. १९९६ साली दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि एक माइक एवढ्या भांडवलावर त्यांनी सुरुवात केली. सत्यनारायण, बारसं, क्रिकेटचे सामने, भजन, दर जानेवारीत १९८४च्या शेतकरी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादनाच्या सभा, आणि लग्नसराईत हळदी. आगरी-कोळ्यांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू? लग्न एक वेळ लहान असेल, हळद लहान असून चालत नाही. २००६ साली कर्ज काढून हा मिक्सर घेतला. त्याच्या उभ्या खाचांमधून वर-खाली सरकणारी जी बटणं असतात ना, ते फेडर. प्रत्येक माइकला एक. वर सरकवला की आवाज वाढतो, खाली आणला की कमी होतो. दिसायला एवढंच.

आत काय असतं हे मला २०११पर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. माझं काम हिशेब ठेवण्याचं आणि कार्यक्रमाहून आलेल्या वायरी गुंडाळून ठेवण्याचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत गावातच एक हळद होती. नवरीच्या आईने धवलारीण आजींना मुद्दाम बोलावलं होतं. शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्यात लग्नाचा प्रत्येक विधी धवलारीण धवला गाऊन पार पाडते. मांडव असो, हळद असो, धवला म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे. भटजी नंतर आले. ही बाई बहुतेक वेळा पाटीलाही हात न लावलेली, पण सगळं लग्न तिच्या तोंडी. ती एक ओळ म्हणते, बाजूच्या बायका ती उचलतात. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. दळताना गावं तसा एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज. आता अशा आजी मोजक्या उरल्यात, आणि ज्या आहेत त्यांना हळदीत कुठे बसवायचं हाच प्रश्न असतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. त्यामुळे दहाच्या आत पोरांना नाचायचं असतं. आजींच्या वाट्याला उरलेली पंधरा मिनिटं येतात.

त्या रात्रीही तसंच. आजी सत्तरीच्या पुढच्या. माइक तोंडाजवळ धरला तरी आवाज पुरेना. ह्यांनी त्यांच्या माइकचा फेडर वर घ्यायला सुरुवात केली, आणि बॉक्समधून असा आवाज आला की जणू कुणी पत्र्यावर वाळू ओततंय. खर्रर्र! खाली आणला, पुन्हा खर्रर्र. मग आजींचा आवाज एकदम गेला. फेडर किंचित हलवला की आला, सोडला की गेला. आजी अर्ध्या ओळीवर थांबल्या. बाजूच्या बायकांना कळेना की ओळ उचलायची का नाही. ती शांतता फार तर अर्ध्या मिनिटाची असेल. तेवढ्यात नवरीच्या भावाने ओरडून सांगितलं, ‘गाणं लाव रे!’ आणि गाणं लागलं. दुसऱ्या फेडरवर. तो ठणठणीत होता. मांडव नाचायला लागला.

धवला अर्धाच राहिला. आजी पाटावरून उठल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण मी मिक्सरच्या टेबलाशीच उभी होते. जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, ‘तुजी मशीन खोकते गो बाय. तिला दमा झायलाय.’ रागावल्या नव्हत्या. मला ते जास्त लागलं. नवरीची आई दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पैसे द्यायला आली तेव्हा डोळे पुसत होती. अर्धा राहिलेला धवला तिला अपशकुनासारखा वाटत होता.

ह्यांनी मिक्सर दुरुस्तीला नेला. कारागिराने झाकण न उघडताच खाचांमध्ये कसला तरी गंज काढायचा स्प्रे मारला आणि चार वेळा वरखाली करून परत दिला. लोण्यासारखे फेडर! आठ दिवस. नवव्या दिवशी पहिल्याहून जास्त खरखर. पुन्हा नेला तर म्हणाला, ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ नवा बोर्ड म्हणजे आमच्या त्या वर्षीच्या सगळ्या सराईची कमाई. पहिल्याचं कर्ज अजून फिटायचं होतं.

मी ह्यांना म्हटलं, ‘मी उघडून बघू?’ हे म्हणाले, ‘तसाही गेलेलाच आहे.’ हीच माझी परवानगी!

माझ्याकडे शिवणयंत्र आहे. वीस वर्षं त्याची शटल, बॉबिन मीच साफ करते. त्यामुळे स्क्रू, स्प्रिंग याची भीती नव्हती. सोळा चॅनेलच्या मिक्सरला किती स्क्रू असतात याची मात्र कल्पना नव्हती. मग इडलीपात्र काढलं. एका खळग्यात एका जागचे स्क्रू, आणि कुठल्या खळग्यात कुठले ते मुलाच्या चित्रकलेच्या वहीत काढून ठेवलं. ही युक्ती मी आजही करते. सासूबाईंनी त्या इडलीपात्रात परत कधी इडली होऊ दिली नाही, ते वेगळं. वीज आदल्या रात्रीपासून काढून ठेवली होती, कारण अशा यंत्रांच्या आत बंद केल्यावरही काही वेळ वीज साठून राहते, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांकडून लहानपणी ऐकलेलं होतं. वीज जिथून आत येते त्या भागाला हात लावला नाही. पाटल्याही काढून ठेवल्या. सासूबाई कुरकुरल्या, मग म्हणाल्या, ‘काचेच्या राहू दे.’ काचेच्या राहू दिल्या.

फेडरच्या आत एक लांबट काळी पट्टी असते. कार्बनची. शाळेत पेन्सिलीने जाड रेघ ओढून तिच्यावर बोट फिरवलं की कसं काळं लागतं, तशी. त्या पट्टीवर धातूची केसासारखी बारीक बोटं टेकलेली असतात. आपण बटण सरकवतो तेव्हा ती बोटं पट्टीवर सरकतात. पट्टीचा किती भाग मध्ये आला त्यावर आवाज किती पुढे जाणार ते ठरतं. बोटं पट्टीला नीट चिकटून सरकली तर काही ऐकू येत नाही. मध्ये धुळीचा कण आला की बोट उचललं जातं, क्षणभर संबंध तुटतो, पुन्हा जुळतो. सेकंदात असं कितीदा तरी होतं. तीच खरखर.

आणि आमच्या त्या फेडरच्या आत कण नव्हता. चिखल होता. तांबूस, चिकट, वासाने तेलकट. त्या स्प्रेतलं तेल आणि उरणची धूळ.

उरणची धूळ हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे पूर्वी भातशेती आणि मिठागरं. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मग भराव, भराव आणि भराव. डोंगर फोडून आणलेला मुरूम खाडीत आणि शेतात पडत गेला. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरची रांग रात्रंदिवस. रस्त्याकडेच्या घरात सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. आता आमच्याकडे लोकल आली, २०२४च्या जानेवारीत, त्याच महिन्यात अटल सेतूही झाला. प्रवास सोपा झाला, पण बांधकामं काही थांबली नाहीत आणि धूळही नाही. त्यात समुद्राची हवा. ही हवा खारट आणि ओलसर. नाशिककडच्या कोरड्या हवेत धूळ पडते आणि फुंकरीने उडते. आमची धूळ पडते आणि बसते. आणि तिसरी धूळ आपण स्वतः उधळतो. गणपतीत गुलाल, जत्रेत भंडारा, हळदीत हळद. गुलाल मुरुमापेक्षा बारीक असतो; मिक्सरच्या खाचेतून तो आत जातो, तिथे घाम-दमट हवा मिळाली की रंगाचं पीठ होऊन बसतो. हळदीचं तर विचारूच नका. नवरीचे मामा, काका, भाऊ, सगळे हळदीने माखलेले, आणि प्रत्येकाला ‘जरा आवाज वाढव’ म्हणत स्वतः बटणाला हात लावायचा असतो. आमच्या पाचव्या चॅनेलच्या बटणाचा पांढरा रंग आता कायमचा पिवळा आहे.

चूक मीही केली. चिखल काढला, कापडाने पट्टी पुसली आणि मग शिवणयंत्राचं तेल एक थेंब टाकलं. यंत्र म्हटलं की तेल, हे डोक्यात पक्कं. फेडर इतका सुरेख सरकायला लागला की मी ह्यांना हाक मारून दाखवला. पंधरा दिवसांत त्या तेलाने नवी धूळ ओढून घेतली आणि तो फेडर माझ्याच हातून कायमचा गेला. त्या कारागिराला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या होत्या, त्या निम्म्या परत घेतल्या.

मग एका दुपारी भरती पाहून मोऱ्याहून लाँच धरली, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. रेडिओच्या सुट्या भागांपासून सगळं मिळणारा तो रस्ता. तिथे पिशवीतून मेलेला फेडर काढून चार दुकानांत दाखवला. तिघांनी ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा’ म्हटलं. चौथ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावून फेडर पाहिला आणि विचारलं, ‘तेल घातलंत ना?’ मी मान खाली घातली. ते हसले. म्हणाले, सगळेच घालतात.

त्यांनी जे सांगितलं ते मला त्या आधी कुणीही सांगितलं नव्हतं. फेडरमध्ये दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक ती काळी पट्टी आणि तिच्यावरची बोटं. ही आवाजाची वाट. दुसरी, बटण ज्यावर चढून सरकतं त्या बाजूच्या धातूच्या सळया. ही हाताची वाट. हाताला जे मऊ लागतं ते सळयांवरच्या किंचितशा ग्रीसमुळे. आवाज जो स्वच्छ येतो तो पट्टी कोरडी आणि नितळ असल्यामुळे. सळईचं ग्रीस पट्टीवर गेलं की खरखर आणि पट्टी धुण्याच्या नादात सळईचं ग्रीस धुतलं गेलं की फेडर करकरतो, अडखळतो. कडक क्लीनर मारला तर दोन्ही धुतलं जातं, आणि काही महागड्या फेडरची पट्टी प्लॅस्टिकच्या जातीची असते, ती अशा क्लीनरने खराबही होते. म्हणून फेडरसाठी वेगळा, सौम्य क्लीनर मिळतो. तो पट्टीवर अगदी विरळ थर सोडतो, तेल सोडत नाही. तो घ्या. मारायचा एक फवारा, दहा नाही. लगेच बटण तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत न्यायचं, म्हणजे मळ कडेला जाईल. मग पुसायचं आणि वाळू द्यायचं.

नव्या फेडरसाठीही त्यांनी एक गोष्ट शिकवली. फेडरच्या अंगावर एक आकडा आणि एक अक्षर छापलेलं असतं. आकडा सारखा असला तरी अक्षर सारखं नसलं तर घ्यायचा नाही. आपला कान आवाज सरळ रेषेत मोजत नाही, म्हणून आवाजाच्या फेडरची पट्टी मुद्दाम वेगळ्या प्रमाणात बनवलेली असते. साधी पट्टी लावली तर फेडर थोडासा उचलताच आवाज भसकन वाढतो आणि वरच्या अर्ध्या भागात काही बदलतच नाही.

मी दोन फेडर आणि एक स्प्रे घेऊन आले. बाकीचे चौदा मी चार रात्रींत साफ केले. दोन नव्यांना डाग द्यायला मात्र धाकट्या दिरांना बसवलं, पुढे ते काम मीही शिकले. एक फेडर साफ होऊनही एका ठरावीक जागी खरखरत राहिला. भिंगातून पाहिलं तर तिथली काळी पट्टी झिजून फिकी झाली होती. ऑपरेटर बटण जिथे नेहमी ठेवतो तीच जागा. रोजच्या पायवाटेवर गवत उगवत नाही तसं. धुऊन काय होणार? मग तो सोळाव्या चॅनेलला लावला, जो आम्ही वर्षातून दोनदा वापरतो, आणि सोळाव्याचा इकडे. आणखी एक फेडर होता, लख्ख साफ आणि तरी सरकवला की कुरकुरणारा. त्याचा दोष त्याच्यात नव्हताच, मागच्या एका कपॅसिटरमधून नको ती वीज त्याच्यावर गळत होती. म्हणजे प्रत्येक खरखर धुळीची नसते, हेही कळलं. आता मी आधी हेडफोन लावते, गाणं न लावता एकेक फेडर हळू सरकवते. सरकवतानाच खरखर आली तर फेडर. नुसतं ठेवलं तरी येत असेल तर वायर, पिन, नाहीतर माइक.

हे सगळं करताना मला एक गोष्ट उमगली आणि तिने माझी झोप उडवली. त्या हळदीच्या आधी कित्येक महिने तो फेडर खराब असणार. मग आम्हाला कळलं कसं नाही? कारण डीजेचं गाणं लावलं की फेडर एकदा वर जातो आणि तिथेच राहतो. तो हलतच नाही, म्हणून खरखरतही नाही, आणि चुकून हलला तरी त्या दणदणाटात कुणाला ऐकू येणार? म्हाताऱ्या बाईच्या आवाजाला मात्र फेडरवरचं बोट सतत हलतं ठेवावं लागतं. ती श्वास घेते, मान वळवते, माइकपासून दूर जाते, शेजारणीला हळूच काहीतरी सांगते. तिच्यासाठी माइकची ताकद मुळातच वाढवलेली असते, म्हणजे खरखरीचीही वाढते. धूळ सगळ्यांच्या फेडरवर बसते. आवाज फक्त हळू बोलणाऱ्याचा जातो.

तेव्हापासून माझी शिस्त आहे. कार्यक्रमाच्या आधी मिक्सरचं टेबल कुठे लावायचं ते मी बघते. रस्त्याच्या बाजूला नाही, वारा जिकडून येतो तिकडे नाही, आणि नाचणाऱ्यांच्या अगदी पायाशी तर नाहीच, कारण नाचणाऱ्या पायांनी जितकी धूळ उठते तितकी ट्रेलरनेही नाही. टेबलाभोवती मी सडा घालते. साध्या पाण्याचा, हाताने शिंपडून, चिखल होणार नाही इतकाच. वायरी त्या बाजूने नेत नाही. पोरं हसायची, ‘वहिनी, रांगोळीपण काढा!’ एकदा काढलीसुद्धा. न लागणाऱ्या चॅनेलच्या खाचांवर रंगकाम करणारे वापरतात ती कागदी पट्टी लावते. सेलोटेप नाही, तिचा डिंक उन्हात वितळून उरतो. कार्यक्रम थांबला की मिक्सरवर जुन्या लुगड्याचं धुऊन मऊ झालेलं कापड टाकते. खळ काढलेलं हवं, नाहीतर खळीचीच भुकटी आत जाते. प्लॅस्टिक फक्त टेंपोत, तेवढ्या वाटेपुरतं. आमच्या हवेत रात्रभर प्लॅस्टिकखाली ठेवलेलं यंत्र सकाळी घामाने भिजलेलं असतं.

घरी आल्यावर आधी वायरी नाहीत, आधी मिक्सर. तो तिरपा उभा करायचा, मऊ ब्रशने वरून खाली झाडायचा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्युम क्लीनरचं तोंड जवळ धरायचं, म्हणजे निघालेली धूळ ओढली जाते. गॅरेजमधल्या हवेच्या पंपाने उडवायचं नाही. वरची धूळ दिसेनाशी होते खरी, पण आत जाऊन बसते. तोंडाने फुंकायचंही नाही, फुंकरीबरोबर थुंकी जाते. बटणांच्या टोप्या सरळ वर ओढून काढते, कोमट साबणपाण्यात धुते, फडक्यावर वाळवते. पावसाळ्यात चार महिने काम कमी. तेव्हा दर रविवारी झाकण काढून सगळे फेडर वीस-वीस वेळा वरखाली करते. न हललेला फेडर लवकर बिघडतो. धाकटा मुलगा लहान असताना हे काम आवडीने करायचा. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून एका वर्षी पेटीत ओल शोषायला तांदळाची पुरचुंडी ठेवली. मैत्रिणींनो, ते करू नका. तांदळाची भुकटीही धूळच असते, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या.

आता मोठा मुलगा म्हणतो, आई, डिजिटल घेऊ. २०२२ साली त्याने एक छोटा घेतलाही, टॅबवर बोट फिरवून चालणारा. त्यात खाच नाही, पट्टी नाही, धूळ जायला जागाच नाही. मोठ्या डिजिटल बोर्डांना फेडर असतात, पण त्यांच्यातून आवाज जात नाही. बटण कुठे आहे एवढंच ते आतल्या संगणकाला कळवतात. धूळ गेली तर खरखर येत नाही, आवाज उड्या मारतो. मला त्याचा टॅब पसंत आहे, खोटं का सांगू? पण एप्रिलच्या दुपारी मांडवाबाहेर त्याच्यावर काही दिसत नाही, तापला की बंद पडतो, आणि हळदीच्या बोटाला दाद देत नाही. त्यामुळे सराईत दोन्ही जातात.

आजी राहिल्या. त्या रात्रीनंतर आजींनी माइक सोडला. बोलावलं तर जायच्या, धवला म्हणायच्या, पण माइक पुढे केला की हाताने बाजूला सारायच्या. मग त्यांचा आवाज पाटाभोवतीच्या दहा बायकांपुरता, आणि पाठीमागे पोरं गाणं लावायची. मिक्सर दुरुस्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते, सांगायला. त्यांनी चहा दिला, माशांची चौकशी केली, माइकचा विषय काढू दिला नाही. दोन वर्षं मी काही बोलले नाही.

२०१३च्या मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीची हळद आमच्याच दारात होती. मी नणंदेला अट घातली, धवला आधी, संध्याकाळी सातला. डीजे नंतर. ती म्हणाली, लोक साडेआठशिवाय येत नाहीत. मी म्हटलं, न येऊ देत. दुपारी आजी घरी आल्या तेव्हा मांडवात कुणी नव्हतं. मी मिक्सर लावत होते. त्यांना खुर्ची दिली, तिसऱ्या चॅनेलचा माइक त्यांच्यापासून हातभर लांब स्टँडवर ठेवला आणि काही न सांगता फेडर खालून वर नेला, वरून खाली आणला. परत वर. बॉक्समधून काहीही आलं नाही. फक्त शेजारच्या आंब्यावरचे कावळे आणि आजींच्या बांगड्या.

त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘दमा गेला वाटतं तिचा.’

‘गेला,’ मी म्हटलं.

‘कनी औषद दिलास?’

‘मीच दिलं.’

संध्याकाळी सातला मांडवात जेमतेम चाळीस माणसं होती, त्यातल्या तीस बायका. आजींनी पूर्ण धवला म्हटला. हे दुसऱ्या कामात होते, फेडरवर मी. त्यांनी श्वास घेतला की मी किंचित खाली आणायची, ओळ सुरू झाली की वर. पस्तीस मिनिटं माझं एक बोट तिसऱ्या चॅनेलवर होतं. मिक्सरच्या मागच्या बाजूला एक वायर लावून मी ते ध्वनिमुद्रित करून घेतलं, आजींना विचारून. त्यांनी विचारलं, ‘म्या मेल्यावर वाजवशील क?’ मी म्हटलं, असं काय बोलता? तर म्हणाल्या, ‘नाय, वाजव. पन पुरता वाजव.’

२०१८मध्ये आजी गेल्या. त्यांच्या नातसुनेने ती सीडी माझ्याकडून नेली आहे, ती आता शिकतेय. मध्ये मध्ये फोन करते, एखादी ओळ नीट ऐकू येत नाही म्हणून. परवा तिचाच फोन होता, जो मला घेता आला नाही. तिला ‘मिक्सर साफ करत होते’ म्हटलं, तर तिने मात्र चटणीचं विचारलं नाही. तिने विचारलं, शेवटच्या ओळीच्या आधी जो घर्र आवाज येतो तो कसला? मी सीडी लावून ऐकली. तो करळच्या बाजूने जाणाऱ्या ट्रेलरचा आहे.